पोकरमधील प्रतिस्पर्ध्यांच्या नोंदी

पोकरमधील प्रतिस्पर्ध्यांच्या नोंदी म्हणजे पोकर या पत्त्यांच्या खेळात समोरच्या खेळाडूंच्या खेळण्याच्या सवयींविषयी लिहून ठेवलेली निरीक्षणे होत. ऑनलाइन पोकरमध्ये प्रतिस्पर्ध्याचा चेहरा, आवाज किंवा हातांची चुळबुळ दिसत नाही. त्याने कोणत्या जागेवरून, किती रक्कम, किती वेळात लावली एवढेच दिसते. त्यामुळे समोरासमोरच्या खेळात जे काम नजर आणि स्मरणशक्ती करतात, तेच काम ऑनलाइन खेळात लेखी नोंदी करतात. बहुतेक ऑनलाइन मंचांवर खेळाडूच्या टोपणनावापुढे टिपण लिहिण्याची आणि रंगीत खूण लावण्याची सोय असते.

अशा नोंदींचा संबंध संभाव्यताशास्त्र, सांख्यिकी आणि द्यूतसिद्धांत या विषयांशी येतो. अपुऱ्या माहितीवरून दुसऱ्याच्या वागण्याविषयी किती ठाम निष्कर्ष काढता येतो, हा त्यांमागील मूळ प्रश्न आहे. भारतात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली असून पोकरही तिच्या कक्षेत येतो.

पार्श्वभूमी

पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत, मुख्यतः मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात रूढ झाला. आज सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार टेक्सास होल्डेम हा आहे. या खेळात ज्याची पाने सर्वांत भारी तो जिंकतोच असे नाही. इतरांना डाव सोडायला लावूनही जिंकता येते. हातात काही नसताना मोठी रक्कम लावून समोरच्याला माघार घ्यायला लावणे याला ब्लफ म्हणतात. म्हणून आपली पाने ओळखण्याइतकेच समोरच्या माणसाला ओळखणे महत्त्वाचे ठरते.

समोरासमोर बसून खेळताना ही ओळख देहबोलीवरून होते. माइक कॅरो यांचे खेळाडूंच्या देहबोलीवरील पुस्तक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या विषयाची पद्धतशीर मांडणी झाली. १९९८ मध्ये प्लॅनेट पोकर या संकेतस्थळावर खऱ्या पैशांचा ऑनलाइन खेळ सुरू झाला. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर या अमेरिकी लेखापालाने ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून प्रवेश मिळवून पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकली. त्यानंतर ऑनलाइन खेळाडूंची संख्या झपाट्याने वाढली.

ऑनलाइन खेळात दोन गोष्टी बदलल्या. समोरासमोरच्या टेबलावर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात, तर ऑनलाइन टेबलावर त्याच्या दुपटीहून अधिक होतात आणि एकच खेळाडू अनेक टेबलांवर एकाच वेळी बसू शकतो. शिवाय प्रत्येक डावाची तंतोतंत नोंद संगणकात तयार होते. प्रतिस्पर्धी अनेक आणि क्षणिक ओळखीचे, पण त्यांच्याविषयीची लेखी सामग्री भरपूर, अशी ही स्थिती आहे. नोंदी ठेवण्याची पद्धत तिच्यातून वाढली.

डावाची रचना आणि निरीक्षणाच्या जागा

टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येक खेळाडूला दोन झाकलेली पाने मिळतात आणि टेबलावर सर्वांसाठी पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात. पहिल्या तीन पानांना फ्लॉप, चौथ्याला टर्न आणि पाचव्याला रिव्हर म्हणतात. प्रत्येक टप्प्यावर खेळाडू रक्कम लावू शकतो, आधी लागलेल्या रकमेइतकी भरून कॉल करू शकतो, ती वाढवून रेज करू शकतो किंवा पाने टाकून फोल्ड करू शकतो. जमा झालेल्या रकमेला पॉट म्हणतात. डाव सुरू होण्यापूर्वी दोन खेळाडूंना सक्तीने भरावी लागणारी रक्कम म्हणजे ब्लाइंड. त्यांपैकी मोठी रक्कम म्हणजे बिग ब्लाइंड. वाटणाऱ्याच्या जागेला बटण म्हणतात. फ्लॉपनंतरच्या प्रत्येक टप्प्यावर बटणावरच्या खेळाडूची पाळी शेवटी येत असल्याने ती जागा सर्वांत फायद्याची असते.

बावन्न पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे येऊ शकतात. हातात एकाच किमतीची जोडी येण्याची शक्यता १७ डावांत एकदा, तर दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा असते. म्हणून जो खेळाडू दर दोन डावांत एकदा रेज करतो, त्याच्या हातात दर वेळी भारी पाने असणे शक्य नाही. आणि जो तासाभरात एकदाच रेज करतो, त्याची रेज गंभीरपणे घ्यावी लागते. नोंदींमागील तर्क मुळात एवढाच आहे.

नोंदींचे प्रकार

नोंदी स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात.

१. संख्यात्मक नोंदी. या बहुधा सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ठेवल्या जातात. फ्लॉपपूर्वी किती टक्के डावांत खेळाडूने स्वेच्छेने पैसे घातले, हा सर्वांत प्रचलित आकडा असून तो व्हीपीआयपी या नावाने ओळखला जातो. फ्लॉपपूर्वी किती टक्के डावांत रेज केली, हा पीएफआर हा दुसरा आकडा होय. याखेरीज दुसऱ्याच्या रेजवर पुन्हा रेज करण्याचे प्रमाण, तसेच रक्कम लावणे व वाढवणे यांचे कॉलशी असलेले गुणोत्तर, म्हणजे आक्रमकता गुणांक, पाहिला जातो.

२. वर्णनात्मक नोंदी. एखादा विशिष्ट डाव, त्यातील चाली आणि शेवटी उघड झालेली पाने यांचे हे टिपण असते. आकड्यांत न मावणारी माहिती, उदाहरणार्थ भारी पाने असताना मुद्दाम संथ खेळणे, यातून टिकून राहते.

३. वर्गीकरणात्मक खुणा. खेळाडूला एका गटात बसवणारी रंगीत खूण. रूढ विभागणी दोन कसोट्यांवर होते: खेळाडू मोजके डाव खेळतो की पुष्कळ, आणि तो स्वतः रक्कम वाढवतो की दुसऱ्याच्या मागे जातो. यांतून चार गट पडतात. पुष्कळ डाव खेळणारा, पण केवळ कॉल करत राहणारा खेळाडू कॉलिंग स्टेशन म्हणून ओळखला जातो. अशा खेळाडूविरुद्ध ब्लफ करू नये आणि भारी पानांवर मात्र पूर्ण रक्कम लावावी, असा संकेत आहे.

उपयुक्त नोंदीची लक्षणे

नोंद लिहिताना पाहिलेली गोष्ट आणि तिच्यावरून केलेला तर्क वेगळे ठेवणे, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा नियम मानला जातो. ‘हा खेळाडू वेडा आहे’ किंवा ‘फार ब्लफ करतो’ अशी नोंद पुढील वेळी उपयोगी पडत नाही, कारण ती कोणत्या प्रसंगावरून लिहिली हे कळत नाही. पुष्कळदा ती मोठा डाव हरल्याच्या रागात लिहिलेली असते आणि खेळाडूविषयी सांगण्याऐवजी लिहिणाऱ्याच्या मनःस्थितीविषयी सांगते.

त्याऐवजी पुढील स्वरूपाची नोंद उपयुक्त ठरते: ‘बटणावरून रेज. फ्लॉप आणि टर्नला अर्ध्या पॉटइतकी रक्कम. रिव्हरला पूर्ण पॉट. हातात इस्पिकची दश्शी-नश्शी, फ्लश हुकलेला. दोघांचाच डाव. १०० बिग ब्लाइंड. एकदा पाहिले.’ या टिपणात जागा, चालींचा क्रम, रकमेचे पॉटशी प्रमाण, उघड झालेली पाने, डावातील खेळाडूंची संख्या, जवळच्या चिप्स आणि प्रसंग किती वेळा पाहिला, या सात बाबी आहेत. तर्क नंतर कधीही करता येतो. मात्र न लिहिलेला तपशील पुन्हा मिळत नाही.

रक्कम आकड्यात लिहिण्याऐवजी पॉटच्या प्रमाणात लिहिणे सोयीचे असते, कारण ३०० चिप्स ही रक्कम १०० च्या पॉटमध्ये प्रचंड, तर ३,००० च्या पॉटमध्ये क्षुल्लक असते. नोंदीवर तारीख असावी. खेळाडू शिकतात, बदलतात आणि जुनी नोंद दिशाभूल करू शकते. नेहमीच्या सरासरी खेळाशी जुळणारी वर्तणूक टिपण्याची गरज नसते. सरासरीपासून दूर जाणारी गोष्ट टिपावी.

नमुन्याचा आकार

थोड्या डावांवरून काढलेली टक्केवारी फसवी असते. एखाद्या खेळाडूने पाहिलेल्या डावांपैकी ३० टक्के डावांत स्वेच्छेने पैसे घातले असे समजू. सांख्यिकीतील रूढ ९५ टक्के विश्वासमर्यादेनुसार त्याचे खरे प्रमाण अंदाजे पुढील कक्षेत असते:

• ३० डाव पाहिले असल्यास: १४ ते ४६ टक्के
• १०० डाव पाहिले असल्यास: २१ ते ३९ टक्के
• १,००० डाव पाहिले असल्यास: २७ ते ३३ टक्के

म्हणजे ३० डावांनंतर हा खेळाडू अत्यंत सावध आहे की अत्यंत सैल, हेही निश्चित सांगता येत नाही. कक्षा निम्मी करायची तर डावांची संख्या दुप्पट करून भागत नाही, ती चौपट करावी लागते.

क्वचित येणाऱ्या प्रसंगांबाबत ही अडचण अधिक तीव्र होते. १०० डावांत पुन्हा रेज करण्याची संधी २५ वेळा आली आणि खेळाडूने ती दोनदा घेतली, तर पडद्यावर ८ टक्के दिसतील. चारदा घेतली असती तर १६ टक्के. दुप्पट वाटणारा हा फरक केवळ दोन डावांचा, म्हणजे योगायोगाचाही असू शकतो.

‘कधीच ब्लफ करत नाही’ ही नोंद याच कारणाने धोक्याची ठरते. समजा, एखादा खेळाडू रिव्हरला लावलेल्या मोठ्या रकमांपैकी ३० टक्के वेळा खरोखर ब्लफ करतो. त्याच्या पहिल्या पाच उघड झालेल्या डावांत एकही ब्लफ न दिसण्याची शक्यता सुमारे १७ टक्के, म्हणजे साधारण सहात एक इतकी असते. दहा डाव पाहिल्यावर ती ३ टक्क्यांच्या आत येते. म्हणून नोंदीत ‘पाचपैकी शून्य’ असे लिहिणे ‘कधीच नाही’ असे लिहिण्यापेक्षा अधिक खरे असते.

निरीक्षण थोडे असेल तेव्हा त्या टेबलावरील सर्वसाधारण खेळाडू कसा खेळतो, येथून अंदाजाची सुरुवात करावी आणि प्रत्येक नव्या निरीक्षणागणिक तो थोडाथोडा सरकवावा, ही पद्धत शास्त्रीय दृष्ट्या योग्य मानली जाते. संभाव्यताशास्त्रातील बेझच्या सिद्धांताचे हे व्यावहारिक रूप आहे.

न दिसलेली पाने

बहुतेक डाव शेवटपर्यंत जात नाहीत. कोणीतरी रक्कम लावतो, बाकीचे माघार घेतात आणि पाने झाकलेलीच राहतात. त्यामुळे निरीक्षकाला दिसणारी पाने ही खेळल्या गेलेल्या सर्व पानांचा प्रातिनिधिक नमुना नसतात. फ्लॉपपूर्वी रेज करून पुढे काहीच न जुळल्यामुळे टाकून दिलेली हलकी पाने नोंदीत कधी येत नाहीत. जुळलेली आणि शेवटपर्यंत टिकलेली पाने मात्र येतात. परिणामी खेळाडू प्रत्यक्षापेक्षा अधिक सावध भासतो. यशस्वी ठरलेला ब्लफही कोणाला दिसत नाही. या त्रुटीला सांख्यिकीत निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. हा पूर्वग्रह जाणणारा खेळाडू उघड झालेल्या पानांबरोबर ‘रेज केली, पुढे सोडून दिले’ अशा डावांचीही मोजदाद ठेवतो.

आठवणीचा पूर्वग्रह याहून वेगळा असतो. हरलेला मोठा डाव लक्षात राहतो आणि त्याची नोंद होते. त्याच खेळाडूने मुकाट्याने टाकलेले पन्नास डाव विसरले जातात. आपण स्वतः सहभागी नसलेले डावही लक्षपूर्वक पाहावेत, हा सल्ला याच कारणासाठी दिला जातो: तेथे पैसा गुंतलेला नसल्याने नजर अधिक तटस्थ असते.

नोंदीचा निर्णयात उपयोग

नोंद उपयोगी आहे की नाही, याची कसोटी तिच्यामुळे निर्णय बदलतो का, ही आहे. पॉटमध्ये ६०० चिप्स असताना प्रतिस्पर्ध्याने रिव्हरला ३०० चिप्स लावल्या असे समजू. कॉल करणाऱ्याला ३०० घालून ९०० मिळण्याची संधी आहे. म्हणजे एकूण १,२०० पैकी ३०० त्याचे आहेत. त्याच्याजवळ केवळ ब्लफला हरवू शकतील अशी पाने असतील, तर चारपैकी किमान एकदा समोरचा ब्लफ करत असला तरच कॉल तोट्याचा ठरत नाही. नोंदीनुसार समोरचा दहात एकदा ब्लफ करत असेल तर पाने टाकणे योग्य; तीनात एकदा करत असेल तर कॉल करणे योग्य. मात्र समोरचा तीनात एकदा करतो की दोनात एकदा, याने येथे काहीच फरक पडत नाही. म्हणून अनुभवी खेळाडू निर्णयाच्या सीमारेषेजवळची माहिती टिपतात.

समतोल व्यूह आणि नोंदींची मर्यादा

जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये द्यूतसिद्धांताचा पाया घालणारा निबंध प्रसिद्ध केला आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या १९४४ च्या ग्रंथात पोकरच्या सोप्या रूपाचे गणिती विश्लेषण केले. दोघांच्याच डावात, ज्यात एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानी असते, असा एक समतोल व्यूह असतो की तो वापरणाऱ्याचा दीर्घकाळात तोटा करणे प्रतिस्पर्ध्याला शक्य नसते. असा व्यूह वापरणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याविषयी काहीही माहीत असण्याची गरज नसते. नोंदींचा उद्देश याच्या उलट आहे: समोरच्याची विशिष्ट चूक ओळखून तिचा फायदा घेणे. मात्र तसे करताना खेळाडू स्वतः समतोलापासून दूर जातो आणि त्याचाही फायदा घेतला जाऊ शकतो.

जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या संगणक प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध एकूण १,२०,००० डाव खेळले आणि १७ लाखांहून अधिक चिप्सची आघाडी घेतली. दिवसभराच्या खेळानंतर खेळाडू आपापली निरीक्षणे एकमेकांना सांगून प्रणालीतील कच्चे दुवे शोधत. प्रणाली मात्र खेळाडूंच्या चुकांच्या नोंदी ठेवण्याऐवजी, खेळाडू आपल्यावर कोठे हल्ला करत आहेत हे पाहून रात्रीतून आपलेच दोष बुजवत असे. त्यामुळे आदल्या दिवशीची निरीक्षणे दुसऱ्या दिवशी निरुपयोगी होत. २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रणालीने सहा खेळाडूंच्या टेबलावरही व्यावसायिकांवर मात केली.

नियम आणि सचोटी

स्वतः खेळताना पाहिलेल्या गोष्टींची हाताने नोंद ठेवणे ऑनलाइन मंचांवर सर्वसाधारणपणे मान्य आहे. वाद आहे तो सॉफ्टवेअरविषयी. पोकरट्रॅकर, होल्डेम मॅनेजर यांसारखी सॉफ्टवेअरे डावांच्या नोंदी साठवून प्रतिस्पर्ध्याचे आकडे खेळताना पडद्यावर दाखवतात. नवख्या खेळाडूंवर यामुळे अन्याय होतो, अशी टीका झाल्यावर काही मंचांनी निर्बंध घातले. जीजीपोकरने बाहेरची अशी सॉफ्टवेअरे निषिद्ध केली. पार्टीपोकरने २०१९ मध्ये डावांच्या नोंदी उतरवून घेण्याची सोय बंद करून खेळाडूंना टोपणनाव बदलण्याची मुभा दिली. काही मंचांवर खेळाडूंची नावेच दाखवली जात नाहीत. दुसऱ्यांनी गोळा केलेल्या डावांच्या नोंदी विकत घेणे आणि खेळ चालू असताना संगणकाकडून चाल विचारणे हे बहुतेक मोठ्या मंचांवर नियमबाह्य मानले जाते.

डावांच्या नोंदींचा उपयोग फसवणूक उघडकीस आणण्यासाठीही झाला आहे. २००७ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकर या संकेतस्थळावरील एक खाते इतरांची झाकलेली पाने दिसत असल्याप्रमाणे खेळते, असा संशय खेळाडूंना आला. एका स्पर्धेतील डावांची मागवलेली नोंद तपासल्यावर तो बळावला आणि अंतर्गत व्यक्तीने यंत्रणेतील पळवाट वापरल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. २००८ मध्ये अल्टिमेटबेट या संकेतस्थळावरही असाच प्रकार उघड झाला; तेथे काही खात्यांची कमाई संभाव्यतेच्या कोणत्याही हिशेबात बसत नव्हती. कॅनडातील काहनावाके गेमिंग कमिशनने दोन्ही संकेतस्थळांना दंड केला.

इतर खेळांशी तुलना

बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास खुला असतो. अधिकृत स्पर्धेत खेळाडूला दोन्ही बाजूंच्या चाली लिहाव्या लागतात, हे डाव नंतर प्रसिद्ध होतात आणि नाशिकचे विदित गुजराथी किंवा नागपूरच्या दिव्या देशमुख यांच्यासारख्या ग्रँडमास्टरांचे डाव कोणालाही अभ्यासता येतात. मात्र खेळ चालू असताना कोणत्याही टिपणांचा आधार घेण्यास जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार मनाई आहे. ब्रिजमध्ये जोडीदारांनी आपापसातील बोलीचे संकेत प्रतिस्पर्ध्यांना सांगणे बंधनकारक असते आणि स्मरणासाठी साधने वापरता येत नाहीत. ऑनलाइन पोकरमध्ये नोंद खेळतानाच समोर असते, हे त्याचे वेगळेपण होय.

महाराष्ट्रातील संदर्भ

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खान्देशातील जिल्ह्यांत अक्षय्य तृतीयेचा सण आखाजी म्हणून साजरा होतो. या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधून गाणी म्हणतात, तर पुरुषांमध्ये पत्ते खेळण्याची जुनी चाल आहे. पारावर किंवा ओसरीवर बसलेले हे खेळाडू एकाच गावचे, बहुधा भाऊबंद किंवा शेजारी असतात. कोण हलक्या पानांवर ताणून धरतो आणि कोण लवकर पाने टाकतो, हे वर्षानुवर्षांच्या सहवासातून ठाऊक असते. तेथे लेखी नोंदीची गरज पडत नाही. ऑनलाइन खेळात ही ओळख नसते आणि ओळखीबरोबर येणारी भीडही नसते. गावच्या बैठकीत हरणाऱ्याला कोणीतरी उठवून घरी पाठवू शकतो. मोबाइलवरील टेबलावर मात्र नवखा आणि सतत हरणारा खेळाडू ओळखून त्याच्यासमोरच बसणे, हा नोंदींचा एक प्रमुख उपयोग असतो. नोंदींविषयीचा नैतिक आक्षेप मुख्यतः या वापरावर आहे.

राज्यात पैसे लावून पत्ते खेळण्याला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू होतो. जुगाराचा अड्डा चालवणे, तेथे खेळताना आढळणे आणि सार्वजनिक जागी जुगार खेळणे हे त्याखाली गुन्हे आहेत. निव्वळ कौशल्याच्या खेळांना मात्र कलम १३ ने वगळले आहे. त्यामुळे कोणता खेळ कौशल्याचा, हा प्रश्न न्यायालयांसमोर वारंवार आला. मुंबई राज्यातील बक्षिसांच्या स्पर्धांविषयीच्या आर. एम. डी. चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये कौशल्य आणि नशीब यांतील भेद स्पष्ट केला. के. सत्यनारायण खटल्यात याच न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पत्तीसारख्या खेळाहून तो वेगळा असल्याचे म्हटले. पोकरविषयी उच्च न्यायालयांची मते भिन्न राहिली: गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार मानले, तर मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रमीबरोबर त्यालाही कौशल्याचा खेळ मानले. प्रतिस्पर्ध्याच्या सवयी अभ्यासून निकालावर परिणाम करता येतो, हा मुद्दा कौशल्याच्या बाजूने मांडला जातो.

ऑनलाइन खेळांपुरता हा भेद २०२५ च्या केंद्रीय कायद्याने निरर्थक ठरवला. ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणाऱ्या या कायद्याचे विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत व २१ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे भरून खेळला जाणारा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, या कायद्याने निषिद्ध आहे. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जाहिरात करणाऱ्यांसाठी आणि अशा व्यवहारांत पैसे पोहोचवणाऱ्यांसाठीही शिक्षेची तरतूद आहे. केवळ खेळणाऱ्यास गुन्हेगार मानलेले नाही. विधेयक मंजूर होताच देशातील प्रमुख पोकर मंचांनी पैशांचे खेळ थांबवले. कायद्याला आव्हान देणाऱ्या उच्च न्यायालयांतील याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या. गोव्यातील परवानाधारक कॅसिनोंमधील प्रत्यक्ष खेळ त्या राज्याच्या स्वतंत्र कायद्याखाली चालतो.

आर्थिक मर्यादा

मंच चालवणारा प्रत्येक पॉटमधून किंवा प्रवेशशुल्कातून आपला वाटा कापून घेतो. त्याला रेक म्हणतात. त्यामुळे टेबलावरील सर्व खेळाडूंच्या नफातोट्याची बेरीज शून्य न राहता नेहमी उणे असते. नोंदींमुळे पैसा एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, पण एकूण पैसा वाढत नाही. सर्वांनी उत्तम नोंदी ठेवल्या तर कोणालाच त्यांचा लाभ उरत नाही आणि रेक तेवढा सर्वांकडून वसूल होत राहतो. नोंदींच्या ढिगाऱ्यामुळे खेळ आपल्या ताब्यात आहे असा भ्रम निर्माण होऊ शकतो. हा भ्रम तपासण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांइतकीच स्वतःच्या खेळाची नोंद ठेवणे आवश्यक असते: किती डाव खेळलो, किती रक्कम घातली, किती परत आली आणि हरल्यानंतर कसे खेळलो. ही वही पुष्कळदा सर्वांत उपयुक्त ठरते, कारण तिच्यातील निरीक्षणांची संख्या सर्वांत मोठी असते आणि एकही पान झाकलेले नसते.

हेही पाहा

• पोकर
• द्यूतसिद्धांत
• बेझचा सिद्धांत
• रमी
• आखाजी